पुरानंतरचा गाळ आणि राडारोडा उचलण्याचं काम: दर, मोजमाप, विल्हेवाट कशी ठरवायची?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही रस्ते, गटारं, संरक्षक भिंती अशी कामं करतो. आमच्या नगरपरिषदेने पावसाळ्याआधी आपत्कालीन कामांसाठी ठेकेदारांची यादी करायचं ठरवलंय आणि दरपत्रक मागवलंय. कामाचं वर्णन एवढंच: "पूरजन्य कचरा व गाळ उचलून विल्हेवाट लावणे, प्रति फेरी". चिपळूणला २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडाली, त्यानंतरचा गाळ आणि दुकानांतून निघालेला माल सगळ्यांनी पाहिलाय. तसा प्रसंग पुन्हा आला तर हे एका ओळीचं वर्णन पुरेल असं वाटत नाही.

हाताशी दोन जेसीबी, २० टनी पोकलेन एक, दहाचाकी डंपर चार, ट्रॅक्टर-ट्रॉल्या तीन. विचारायचंय ते असं: परिमाणाचा अंदाज आधी कसा बांधायचा? दर फेरीवर द्यायचा, ब्रासवर (१०० घनफुटांच्या मापावर) की टनावर? गाळ टाकायचा कुठे? आणि कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं, कीटकनाशकं यांचं काय? हे सगळं एकाच "कचरा" शब्दात घातलंय.

खडी_मुरूम

प्रति फेरी दर अजिबात देऊ नका. दहाचाकी डंपरचं पासिंग (मालासकट मंजूर वजन) २८.५ टन, रिकामी गाडी ११ टनांच्या आसपास, म्हणजे माल साडेसतरा टन. ओल्या गाळाचं वजन घनमीटरला साधारण १.७ टन धरा. एक ब्रास २.८३ घनमीटर, म्हणजे ब्रासला जवळपास ४.८ टन. बॉडीत पाच ब्रास मावत असला तरी कायद्यात बसणारा गाळ साडेतीनच ब्रास. त्याच गाडीत भिजलेल्या गाद्या, कपडे, पुठ्ठे भरले तर बॉडी शिगोशीग भरूनही वजन पाच-सहा टन. दोन्ही फेऱ्यांना एकच दर लावला की कोणीतरी मरणार, आणि बहुधा ठेकेदारच.

अंदाजाचं गणित सोपं आहे. ४०० चौरस फुटांच्या दुकानात ३ इंच गाळ बसला की बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. ५०० दुकानं धरली तर ५०० ब्रास. २० फूट रुंदीच्या रस्त्यावर ६ इंच गाळ असेल तर एका किलोमीटरला साधारण ३२८ ब्रास. मिळून ८२८. आता गाड्या. ६ किलोमीटरचा लीड (टाकायच्या जागेपर्यंतचं अंतर) धरला तर भरायला १०-१२ मिनिटं, भरलेली गाडी जायला २०, वजनकाट्यावर ५, खाली करायला ५, परत यायला १५. तासाला एक फेरी. जेवण, डिझेल, रस्त्यातली कोंडी धरून दहा तासांत आठ. चार डंपर, आठ फेऱ्या, साडेतीन ब्रास: दिवसाला ११२ ब्रास. म्हणजे नुसता गाळच साडेसात दिवस, आणि तेही काही न बिघडता. मशिनरी कुठे कमी पडते ते यातून कळतं. एका जेसीबीपुढे चार-पाच डंपर लागतात, तुमच्याकडे दोन जेसीबींना मिळून चार आहेत. डंपर वाढवा, पोकलेन नाही. पोकलेन टाकण्याच्या जागेवर ठेवा, ढीग लावायला. बाजारपेठेच्या बोळात ती वळत नाही, तिथे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि जमलं तर भाड्याचा बॉबकॅट (छोटा लोडर).

आता फाळका, म्हणजे डंपरच्या बॉडीचं मागचं झडप. पातळ गाळ मागच्या फाळक्याच्या फटीतून गळतो आणि चढावर रस्ताभर सांडतो. त्यावर दुचाक्या घसरतात आणि दुसऱ्या दिवशी तोच गाळ धूळ होऊन लोकांच्या नाकात जातो. फाळक्याच्या आतून जुन्या ट्यूबचं रबर लावा किंवा पेंढा भरलेली गोणपाटं दाबून बसवा, आणि बॉडी दोन-तृतीयांशच्या वर भरू नका. गाळ पाण्यासारखा हलतो, वळणावर गाडी ओढली जाते.

पहिले दोन-तीन दिवस गाळ मोजताच येत नाही, कारण रस्ता मोकळा करणं हेच काम असतं. तेवढ्यापुरता मशीनचा तासाचा दर वेगळा लावा, अवर-मीटरच्या नोंदीवर, पालिकेच्या माणसाच्या रोजच्या सहीने. चौथ्या दिवसापासून परिमाणावर.

निवृत्त_बांधकाम

वरच्या गणिताशी सहमत. मी कागदांपासून सुरुवात करतो, कारण बिलं तिथेच अडकतात.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५० खाली तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते, पण जिल्हा प्राधिकरणाने तसं अधिकृत केलेलं असावं लागतं. फोनवर "या, सुरू करा" म्हटलं म्हणून गाड्या सोडू नका. दोन ओळींचा का होईना, लेखी आदेश घ्या: कोणता प्रभाग, कोणत्या तारखेपासून, कोणत्या मंजूर दराने. तुमच्या गाड्या कलम ६५ खाली अधिग्रहित झाल्या तर तो वेगळा प्रकार. त्याची भरपाई कलम ६६ प्रमाणे ठरते, तुमच्या दरपत्रकाने नाही. दोन्ही एकाच बिलात मिसळलं की लेखापरीक्षणात आक्षेप येतोच.

दुसरं, पंचनामा. व्यापाऱ्याचा भिजलेला माल म्हणजे तुमच्या लेखी कचरा, पण त्याच्या लेखी तो नुकसानभरपाईचा आणि विम्याचा पुरावा असतो. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा सर्व्हेअरची पाहणी, निदान फोटो, झाल्याशिवाय दुकानातून निघालेल्या मालाला हात लावू नका. शटरवर स्प्रे-पेंटने दोन खुणा करायची पद्धत ठेवा: पंचनामा झाला की एक, मालकाने उचलायची संमती दिली की दुसरी. दोन्ही असतील तरच मुकादमाने ढीग उचलायचा. रस्त्यावरच्या गाळाला हा नियम नाही, तो लगेच उचला.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेगळं करणं दारातच झालं पाहिजे. एकदा सगळं एका ट्रॉलीत पडलं की गाळ शेतात टाकायच्या कामाचा राहत नाही, विटा-काँक्रीट भरावाच्या कामाचं राहत नाही, आणि सगळंच कचरा डेपोवर जातं. पाणी उतरल्या दिवशीच रिक्षा फिरवून सांगा: गाळ रस्त्याच्या मधल्या बाजूला, राडारोडा वेगळा, कुजणारं वेगळं, विजेच्या वस्तू वेगळ्या, आणि बाटल्या-डबे-सिलिंडर ओट्यावरच ठेवा, आमचा माणूस येऊन नेईल. गाड्यासुद्धा त्याच क्रमाने फिरवा. सकाळी कुजणारं, दिवसभर गाळ, राडारोडा शेवटी. विटांचे तुकडे आठवडाभर पडून राहिले तरी कोणाचं नुकसान होत नाही. भिजलेला तांदूळ आणि गूळ दोन दिवसांत आंबून गरम होतो.

जागा: आधी पूररेषेचा नकाशा मागून घ्या. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. तात्पुरती साठवण लाल रेषेच्या बाहेरच हवी, नाहीतर पुढच्या पावसात तोच गाळ परत बाजारात येईल. नदीकाठच्या खोलगट जागा "नाहीतरी रिकाम्याच आहेत" म्हणून भरू नका. पाणी पसरायची जागाच ती असते. खाडीकडच्या बाजूला कांदळवन असेल तिथे एक ट्रॉलीही नको, वनविभागाचा गुन्हा दाखल होतो. शेतकरी स्वतःहून माती मागत असेल तर सातबारा आणि लेखी संमती घ्या, आणि त्या शेतात फक्त तपासलेला, काचा-प्लास्टिक नसलेला गाळच टाका. गाळ भरलेली गाडी दिसली की महसूलवाले गौण खनिज म्हणून अडवतात, त्यामुळे तहसीलदारांचं पत्र प्रत्येक चालकाकडे हवं.

साठवण जागेवर तळाला फूटभर मुरूम दाबून घ्या, भोवती चर, चराच्या टोकाला खड्डा. ढीग दहा फुटांपेक्षा उंच नको आणि दोन ढिगांमध्ये अग्निशमनची गाडी जाईल एवढी वाट सोडा. ओलं कापड, गाद्या, गवत, धान्य यांचा उंच ढीग आतून तापतो आणि धुमसायला लागला की वरून पाणी मारून विझत नाही. पोकलेनने उकरून पसरवून मगच विझवावा लागतो.

कृष्णाकाठ_पशुवैद्यक

जनावरं आणि पाणी यावर लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. त्यात सांगली-कोल्हापूरकडची जनावरं दावणीलाच मेली. ठेकेदाराने हे काम एकट्याने घेऊच नये, पशुसंवर्धन खात्याचा माणूस सोबत हवा. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि फोटो नोंदल्याशिवाय पुरलं तर शेतकऱ्याची मदत बुडते.

खड्डा ८ ते १० फूट खोल. एका मोठ्या जनावराला तळाची दीड चौरस मीटर जागा, एकावर एक थर नको. वर किमान ५ फूट माती आणि ती जमिनीपेक्षा उंचवटा करून, कारण खाली खचते. पोट फाडून वायू निघायला वाट करावी लागते. तसं केलं नाही तर जनावर फुगतं, माती उचलली जाते आणि कुत्री उकरतात. अपवाद एकच: नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठलेलं रक्त आलेलं दिसलं तर काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका धरा. त्या जनावराला सुरी लावायची नाही, हलवायचंही नाही, आधी डॉक्टर. चुना वरच्या मातीच्या थरात मिसळा. अंगावर पोत्याने ओतला तर कुजणं लांबतं.

कोकणात अडचण वेगळी. जांभा फुटत नाही आणि भातखाचरात तीन-चार फुटांवर पाणी लागतं. पाणी भरलेल्या खड्ड्यात जनावर पुरणं म्हणजे शेजारच्या विहिरीत टाकणंच. म्हणून उंचवट्यावरची जागा पावसाळ्याआधीच तलाठी आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांसोबत फिरून ठरवा आणि एक खड्डा मे महिन्यातच खणून, झाकून, कुंपण घालून ठेवा.

टीसीएलबद्दल (ब्लीचिंग पावडर). रस्त्याच्या कडेने पांढऱ्या रेघा मारायचा प्रकार बंद करा. गाळातलं सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकतं, जंतूंपर्यंत काही पोचत नाही. आधी गाळ काढा, पाण्याने धुवा, मग फवारा. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो घातलं की साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणीच पंपात घ्या, नाहीतर चुन्याने नोझल बुजतं. पोतं उघडं राहिलं की पावडर महिनाभरात निकामी होते, म्हणून गोदामात गेल्या वर्षीचं पोतं असेल तर वापरण्याआधी तपासा. आम्ल किंवा संडास साफ करायचं द्रव त्याच बादलीत नको, विषारी वायू निघतो.

विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर आधी उपसा, गाळ काढा, कठडा धुवा, नवं पाणी येऊ द्या. मग मोजा: व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर म्हणजे २८ हजार लिटरच्या थोडं वर. १००० लिटरला २.५ ग्रॅम या नेहमीच्या मात्रेने ७० ग्रॅम. पण पुरानंतर ही मात्रा क्वचित पुरते. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन तपासायची चाचणी) करा. ०.५ पीपीएमचा पिवळेपणा आला नाही तर पुन्हा घाला आणि पुन्हा तासभर थांबा.

मजुरांसाठी: गमबुटात लोखंडी पत्र्याचा तळवा हवा, गाळात खिळे आणि काचा दिसत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन काम सुरू व्हायच्या आधी. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सीसायक्लिन आरोग्य खात्याच्या सल्ल्याने घ्या, मुकादमाने स्वतः वाटू नये. रत्नागिरीकडे फुरसं ढिगाऱ्याखाली, पत्र्याखाली, ओल्या लाकडाखाली बसलेलं असतं. ढीग आधी दाताळ्याने ओढा, हात नंतर. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का ते कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

वाशिष्ठीकाठ

फार मोलाची माहिती, आभार. दोन गोष्टी राहिल्या. कृषी सेवा केंद्रं, रंगाची दुकानं आणि लोटे परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या एखाद-दोन गोदामांचा माल आला तर? आणि बाजारात चार-पाच तळघरं आहेत. त्यातलं पाणी लोक पहिल्याच दिवशी उपसा म्हणून मागे लागतात.

हवा_पाणी_माती

तळघराचं आधी सांगतो, कारण त्यात माणूस जातो. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि आतलं पाणी भिंतीला आतून टेकू देत असतं. एका दिवसात सगळं उपसलं तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो. बाहेरचं पाणी पूर्ण उतरल्यावर दिवसाला दोन-तीन फूट उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रीत पातळी परत वर आली तर थांबा. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप तळघरात उतरवायचा नाही, कार्बन मोनॉक्साईडने माणसं बेशुद्ध पडतात. पंप बाहेर आणि फक्त पाईप आत. महावितरणने पुरवठा तोडल्याचं लेखी किंवा निदान त्यांच्या लाइनमनसमोर खात्री करून घ्या. शेजारच्या इन्व्हर्टरकडूनही उलटा प्रवाह येतो. तुंबलेल्या सेप्टिक टाकीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंग आणि सक्शन गाडीचा दर दरपत्रकात वेगळा लावा, म्हणजे त्या वेळी "एक पोरगं उतरवा ना" हा आग्रह होणार नाही.

कीटकनाशकं, रंग, थिनर, बॅटऱ्या, अज्ञात ड्रम. हे डंपरमध्ये कधीच नाही. छोटा टेम्पो, तळाला ताडपत्री आणि वर भुसा किंवा वाळू, बाटल्या उभ्या क्रेटमध्ये. वेगवेगळ्या प्रकारचं द्रव एका पिंपात ओतू नका. लेबल गेलेल्या ड्रमचं झाकण उघडून वास घेऊ नका, फुगलेला ड्रम हलवूही नका, आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवा. कारखान्याचा माल असेल तर उचलायची जबाबदारी कारखान्याची, तुम्ही फक्त दोरी बांधून जागा राखा. घातक कचरा २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत वाहनानेच जातो, सोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचा नोंदपत्रक). कोकणातून तो तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे. हे अंतर आणि तिथली प्रक्रिया फी तुमच्या दरात धरू नका. "प्रत्यक्ष पावतीप्रमाणे" अशी वेगळी बाब लिहा.

फ्रिज उभा ठेवा, दार चिकटपट्टीने बंद करून. आतलं सडलेलं अन्न रस्त्यावर सांडलं तर माश्यांचं मोहोळ. तांब्यासाठी मागची नळी कापणारे भंगारवाले पहिल्याच दिवशी येतात, गॅस हवेत जातो, म्हणून विजेच्या वस्तूंच्या ढिगावर रात्री राखण हवी. गॅस सिलिंडर मोजून, क्रमांक लिहून एजन्सीला परत.

गाळ तपासल्याशिवाय शेतात देऊ नका, हे वर आलंय. गॅरेज, पेट्रोल पंप, औद्योगिक वसाहत यांच्या आसपासचा गाळ वेगळ्या ढिगात ठेवा आणि पीएच, तेलाचा अंश, जड धातू यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. नमुना ढिगाच्या वरून एक मूठ नको. पाच-सहा जागी फूट-दीड फूट आतून घेऊन मिसळायचा. पाण्यात टाकल्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर निकाल येईपर्यंत तो ढीग ताडपत्रीखाली.

खडी_मुरूम

एक भर टनाच्या बाबतीत. पालिका वजनावरच अडून बसली तर हे लिहून घ्या: रिकाम्या गाडीचं वजन दिवसातून निदान दोनदा. चिकट गाळ बॉडीच्या कोपऱ्यांत आणि तळाला बसतो, टनभर सहज. सकाळी घेतलेलं रिकामं वजन संध्याकाळी लावलं तर तोच टन प्रत्येक फेरीत बिलात चढतो. लेखापरीक्षकाने एकदा गाडी धुवून काट्यावर घातली की सगळ्या फेऱ्यांची वसुली निघते. बॉडीला आतून जळकं ऑइल फासायची सवय असते, ती या कामात नको, गाळ खराब होतो. पाण्याचा फवारा आणि फावडं पुरे. फेरीच्या पावतीवर गाडी नंबर, भरायची जागा, मालाचा प्रकार, भरलं आणि रिकामं वजन, दोन्ही टोकांच्या माणसांच्या सह्या. तीन प्रती.

निवृत्त_बांधकाम

मला ब्रासच बरा वाटतो. ओला गाळ वजनावर घेतला की पाण्याचे पैसे दिले जातात, आणि पाणी निथळू देण्यात कोणालाच रस उरत नाही. गाडीची बॉडी आधी आतून मोजून तिच्यावर रंगाने साडेतीन ब्रासची रेघ मारा आणि पालिकेच्या अभियंत्याची त्यावर सही घ्या. कुजणारं आणि गाद्या-कपडे मात्र टनावर. तिथे ब्रासने हवा मोजली जाते.

वाशिष्ठीकाठ

ठीक. बाबी अशा पाडतोय: तासावर रस्ता मोकळा करणं, ब्रासवर गाळ, ब्रासवर राडारोडा, टनावर कुजणारं, नगावर जनावरं, पावतीप्रमाणे घातक, तासावर जेटिंग. पडलेल्या घरांचे सिमेंटचे पत्रे राडारोड्यात धरले तर चालतील ना?

हवा_पाणी_माती

नाही, त्यांची बाब वेगळी, चौरस फुटावर. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. अख्खे असताना फारसा त्रास नाही, फुटले-कापले की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. आधी फवारणी पंपाने दोन्ही बाजू भिजवा, पाण्यात थोडा साबण घातला तर पाणी चांगलं मुरतं. जे-हूक पान्याने सोडवा, गंजला असेल तर हूक कापा, पत्रा नाही. हातोडा आणि ग्राइंडर नकोच. रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ही पुरत नाही, एफएफपी३ किंवा पी-१०० फिल्टरचा मास्क लागेल. पत्रे आडवे रचून जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात "ॲस्बेस्टॉस" लिहा आणि सपाट पाट्याच्या गाडीतून न्या. डंपरमधून ओतले की सगळी मेहनत वाया. तुकडे झालेले असतील तर ते ओले असतानाच जाड पिशवीत भरा. आणि राडारोडा क्रशरला जाणार असेल तर तिथे एक माणूस फक्त हे तुकडे वेचायला उभा करा. एक पत्रा जबड्यात गेला तर तिथून निघालेली सगळी खडी आणि भुकटी कुठल्याच भरावाला वापरता येणार नाही.